पहिली सिगारेट किती वाजता?

सिगारेट न सुटणाऱ्या माणसाबद्दल घरोघरी दोनच निदानं होतात. एक, ‘त्याला मनातून सोडायचीच नाहीये.’ दुसरं, ‘तो आहेच तसा, स्वभावाला औषध नाही.’ दोन्हींना फी लागत नाही, त्यामुळे ती सढळ हाताने वाटली जातात.

पहिलं निदान आकड्यांपुढे टिकत नाही. २०१६-१७ मध्ये देशभर प्रौढांची तंबाखू पाहणी झाली. ‘गॅट्स’ या नावाने ती ओळखली जाते. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांपैकी ५५.४ टक्के लोकांनी त्यात सोडायचा विचार किंवा बेत असल्याचं सांगितलं, आणि ३८.५ टक्के लोकांनी आदल्या वर्षभरात सोडून पाहिलीही होती. म्हणजे चौकातल्या टपरीवर उभ्या असलेल्या पाच जणांतल्या जवळपास दोघांनी गेल्या बारा महिन्यांत कधीतरी ‘आजपासून बंद’ म्हटलेलं असतं. आपल्याला ते दिसत नाही, कारण परत सुरू केल्यावर कुणी त्याची जाहिरात करत नाही.

दुसऱ्या निदानात मात्र थोडं तथ्य आहे. किती, आणि नेमकं कुठे, ते पाहायला हवं.

मानसशास्त्रज्ञ माणसाचा स्वभाव साधारण पाच पट्ट्यांवर मोजतात. माणूस किती चटकन धास्तावतो, उदास होतो किंवा चिडतो, हा चिंताळूपणा. चार माणसांत किती रमतो, ही बहिर्मुखता. हातातलं काम किती नेटाने आणि शिस्तीने करतो, ही कर्तव्यदक्षता. शिवाय दुसऱ्याशी जुळवून घेण्याची वृत्ती आणि नव्याची ओढ. प्रत्येक पट्टीवर आपण कुठे ना कुठे असतोच. कुणी शून्यावर नसतो की शंभरावर नसतो. २०१५ मध्ये परदेशातल्या नऊ दीर्घकालीन पाहण्यांची माहिती एकत्र करून, सुमारे ८० हजार माणसांवर, धूम्रपान आणि स्वभाव यांचा मेळ घालून पाहिला गेला. सिगारेट सुरू कोण करतं? जास्त बहिर्मुख आणि कमी शिस्तीची माणसं. सोडतं कोण? कमी चिंताळू माणसं. आणि सोडून पुन्हा ओढायला लागतं कोण? चिंताळू आणि बहिर्मुख, दोन्ही.

मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं हे वाटतं की सुरुवात आणि शेवट यांचे स्वभाव वेगळे आहेत. कॉलेजच्या कट्ट्यावर मित्रांच्या नादाने ज्या गुणामुळे पहिला झुरका मारला गेला, तोच गुण चाळिशीत सिगारेट सोडताना आडवा येत असेलच, असं नाही. चाळिशीत अडवणारा बऱ्याचदा दुसराच असतो.

मुंबईत शीवच्या, म्हणजे सायनच्या, चौकात दोन्ही पाहायला मिळतात. संध्याकाळी सहानंतर टपरीभोवती ऑफिस सुटलेल्यांचा घोळका असतो. कुणाच्या हातात कटिंग, कुणाच्या हातात पुडी. टपरीच्या खांबाला एक जाड सुतळी लटकलेली असते, तिचं टोक दिवसभर धुमसत असतं. माचिस न मागता जो तो वाकून तिच्यावर आपली पेटवतो, आणि वाकता वाकता बोलणं चालूच ठेवतो. यांतल्या निम्म्यांना एकट्याने ओढायला सांगितलं तर दोन झुरक्यांत टाकून देतील. इथे सिगारेट हे गप्पांत शिरण्याचं निमित्त असतं. पुढे सायन हॉस्पिटलच्या बाजूला रात्री अकरानंतर दुसरा माणूस दिसतो. आत कुणीतरी ॲडमिट आहे, डॉक्टर ‘सकाळी बघू’ म्हणालेत, आवारात ओढायला बंदी आहे, म्हणून हा रस्ता ओलांडून आलाय. बोलत कुणाशीच नाही. एक संपवतो, तिच्याच निखाऱ्यावर दुसरी लावतो. या दोघांना एकच उपदेश करून काय उपयोग?

चिंताळू माणसाची गोष्ट जरा उलगडून सांगायला हवी, कारण तिथे निकोटिन एक बेमालूम फसवणूक करतं. झुरका घेतल्यावर दहा-वीस सेकंदांत निकोटिन मेंदूत पोचतं. दोन तासांत त्याचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येतं, आणि मग चिडचिड, अस्वस्थता, कशात लक्ष न लागणं सुरू होतं. पुढची सिगारेट ओढली की हे सगळं थांबतं. ओढणारा म्हणतो, ‘बघ, टेन्शन गेलं.’ टेन्शन गेलं हे खरं, पण त्यातलं बरंचसं आधीच्या सिगारेटनेच आणलेलं होतं. मुळात शांत असलेल्या माणसाला हा चढउतार फारसा जाणवत नाही. जो आधीच धास्तावलेला असतो, त्याला आपली नेहमीची काळजी कुठली आणि निकोटिनची ओढ कुठली, हे वेगळं काढता येत नाही. सोडल्यानंतरचे पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट, आणि दोन ते चार आठवड्यांत त्रास बराच ओसरतो. पण दुसऱ्याच दिवशी माणूस ठरवून टाकतो की सिगारेटशिवाय आपलं डोकं चालणार नाही. २०१४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने २६ अभ्यासांचा एकत्रित आढावा छापला. सोडलेल्यांची चिंता, उदासी आणि ताण हे ओढत राहिलेल्यांच्या तुलनेत कमी झाले होते, आणि आधीपासून मानसिक आजार असलेल्यांतही तेच दिसलं. म्हणजे ज्याला सोडणं सगळ्यात कठीण, त्याच्या पदरात सोडल्यावर काही कमी पडत नाही.

इथपर्यंत आलं की स्वभावावर सगळं ढकलण्याचा मोह होतो. तो एका मोठ्या माणसालाही झाला होता. हान्स आयसेंक हे लंडनचे नामांकित मानसशास्त्रज्ञ. चिंताळूपणा आणि बहिर्मुखता या पट्ट्या शास्त्रात रुळवण्यात त्यांचा वाटा मोठा. १९६५ मध्ये त्यांनी धूम्रपान, आरोग्य आणि व्यक्तिमत्त्व यांवर पुस्तक लिहिलं. पुढे एका सहकाऱ्याबरोबर त्यांनी असा दावा केला की काही विशिष्ट स्वभावाच्या माणसांना कॅन्सर होतो, आणि सिगारेटपेक्षा स्वभावाचा हात त्यात कितीतरी मोठा आहे. सिगारेट कंपन्यांना याहून गोड बातमी कुठली? आयसेंक यांना तंबाखू उद्योगाकडून मोठ्या रकमा मिळत होत्या, हे नंतर उघड झालं. ते १९९७ मध्ये वारले. २०१९ मध्ये किंग्ज कॉलेज लंडनने त्यांचे या विषयावरचे २६ शोधनिबंध विश्वास ठेवण्याजोगे नाहीत असं जाहीर केलं, आणि त्यानंतर त्यांतले बरेच मागे घेतले गेले. ‘स्वभावच तसा’ हे वाक्य कुणाच्या सोयीचं आहे, ते या प्रकरणात फार स्वच्छ दिसतं.

आणि आपल्याकडे पाहू. १९९१ च्या सुमारास तंबाखूचे अभ्यासक डॉ. प्रकाश गुप्ता यांनी मुंबई शहरात तंबाखूची एक प्रचंड पाहणी हाती घेतली. शहर म्हणजे कुलाब्यापासून शीव-माहीमपर्यंतचं, उपनगरं वगळून. मतदार याद्या घेऊन लोक घरोघर गेले. पस्तिशीच्या पुढच्या प्रत्येकाला तंबाखूबद्दल विचारलं, आणि उत्तरं हातात मावणाऱ्या छोट्या संगणकावर जागच्या जागी भरली. त्या काळात अशी यंत्रं इथे कुणी पाहिलीही नसतील. उच्चभ्रू इमारतींचे विभाग मात्र वगळावे लागले, वॉचमनच आत सोडत नव्हते. एकूण सुमारे १ लाख ४८ हजार लोकांची नोंद झाली. त्यांतल्या पहिल्या ९९,५९८ जणांचे आकडे १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले: पुरुषांत ६९.३ टक्के आणि बायकांत ५७.५ टक्के तंबाखू वापरणारे. पण या बायकांपैकी ओढणाऱ्या जवळजवळ नव्हत्याच. मशेरी, पान-तंबाखू, चुना लावून मळलेली तंबाखू, जे काही होतं ते तोंडातलं.

आता हे कुठल्या स्वभावाच्या पट्टीवर बसवणार? लालबाग-परळच्या चाळीतली बाई सकाळी तव्यावर तंबाखू भाजून मशेरी करते, बोटाने दात घासते, आणि सिगारेटला हातही लावत नाही. यात तिच्या बहिर्मुखतेचा काय संबंध? तिच्या सासूच्या घरात मशेरीचा डबा होता, आणि बाईने सिगारेट ओढणं हे चाळीत खपण्यासारखं नव्हतं, एवढं उत्तर पुरे आहे. कोण काय वापरतो, हे आधी घर, जात-वर्ग, बाई की पुरुष आणि खिशातले पैसे ठरवतात. स्वभावाचा नंबर त्यानंतर लागतो. २०१६-१७ मध्येही महाराष्ट्रात ओढणारे प्रौढ ३.८ टक्के आणि तोंडातली तंबाखू वापरणारे २४.४ टक्के होते, गॅट्सच्याच हिशोबाने. याच मुंबईच्या पाहणीने पुढे एक गैरसमजही मोडला. बिडी ओढणाऱ्यांच्या मृत्यूचं प्रमाण तंबाखू न घेणाऱ्यांच्या १.६४ पट निघालं, सिगारेटवाल्यांचं १.३७ पट. ‘बिडी काय, पानातच गुंडाळलेली असते’ असं म्हणणारे काका अजूनही भेटतात, म्हणून सांगितलं.

मग सुटणार की नाही याचा अंदाज कशावरून बांधायचा? व्यसनमुक्तीचं काम करणारे लोक स्वभावाची प्रश्नावली क्वचितच काढतात. ते विचारतात, ‘काका, सकाळी उठल्यावर पहिली किती वेळात?’

हा प्रश्न कार्ल फागेरस्ट्रॉम या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चाचणीतला आहे. आज वापरतात ते तिचं १९९१ चं रूप आहे. प्रश्न सहाच, गुण शून्य ते दहा. पहिली पाच मिनिटांच्या आत असेल तर तीन गुण, अर्ध्या तासाच्या आत असेल तर दोन, तासाभरात एक, त्यानंतर शून्य. बाकीचे प्रश्न असे: दिवसाला किती, बंदी असलेल्या जागी आवरतं का, अंथरुणाला खिळण्याइतके आजारी असतानाही ओढता का, सकाळच्या वेळी जास्त होतात का, आणि कुठली एक सोडणं सगळ्यात जड जाईल. रात्रभर झोपेत निकोटिन उतरलेलं असतं. डोळे उघडल्या उघडल्या हात पाकिटाकडे गेला तर शरीर किती अडकलंय ते कळतं, आणि पुढे सुटेल का याचा अंदाज स्वभावाच्या कुठल्याही पट्टीपेक्षा यावरून जास्त बरा येतो. आपल्याकडे या पहिल्या सिगारेटला एक खास कारणही चिकटलेलं असतं. ‘त्याशिवाय प्रेशर येत नाही हो.’ हे थोतांड नाही. निकोटिन आतड्यांना चालना देतं आणि सोडल्यावर काही दिवस बद्धकोष्ठ होऊ शकतं. पण तेवढ्यासाठी सिगारेट चालू ठेवणारे शिस्तप्रिय गृहस्थ पाहिले की वाटतं, यांना इसबगोल कुणी सुचवलंच नसेल का?

आता उपचाराकडे. कुणाच्याही मदतीशिवाय, नुसत्या निग्रहावर सोडणाऱ्या शंभरांपैकी सहा महिने ते वर्षभर टिकतात तीन ते पाच. उरलेले पंच्याण्णव सगळे दुबळ्या स्वभावाचे, असं मानायला मी तयार नाही. निकोटिनचं च्युइंग गम किंवा पॅच वापरला तर यशाची शक्यता पन्नास ते साठ टक्क्यांनी वाढते. व्हॅरेनिक्लिनसारखी गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतली तर दुपटीहून जास्त. समुपदेशनाची जोड मिळाली की आणखी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये प्रौढांच्या तंबाखूमुक्तीसाठी उपचाराच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांतही भर आहे तो समुपदेशनावर आणि अशा औषधांवर. स्वभावाला औषध नसेल, सिगारेटला आहे.

गमची मात्र एक गंमत आहे. बरेच लोक ते च्युइंग गमसारखं कचाकच चावतात, तोंड भाजल्यासारखं होतं, उचकी लागते, आणि ‘आपल्याला नाही झेपत’ म्हणून पाकीट कपाटात जातं. ते हळूहळू चावायचं असतं. जिभेला झिणझिण्या किंवा तिखटपणा जाणवला की थांबायचं आणि गाल व हिरडीच्या मधे धरून ठेवायचं. चव गेली की पुन्हा दोन-चारदा चावायचं, पुन्हा धरायचं. निकोटिन तोंडाच्या आतल्या अस्तरातून शोषलं जातं, पोटात गेलेलं फुकट जातं. ज्याने आयुष्यात कधी तंबाखूचा बार गालात धरलाय त्याला हे शिकवावं लागत नाही. सिगारेटवाल्याला शिकवावं लागतं. आणि गम तोंडात असताना किंवा त्याआधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी-सरबत नको, कारण आंबट तोंडात निकोटिन नीट शोषलं जात नाही. मुंबईत ही अट औषधापेक्षा कडू आहे. कटिंग हातात असतानाच तर तलफ येते. पहिली सिगारेट अर्ध्या तासाच्या आत ओढणाऱ्याला दोनऐवजी चार मिलिग्रॅमचं गम लागतं. तो सकाळचा प्रश्न इथे असा कामी येतो.

स्वभाव तपासून त्यावरून गोळी ठरवावी, इतका पुरावा आज कुणाकडे नाही. पण माणूस कुठे पाय घसरून पडेल, हे स्वभावावरून बऱ्यापैकी सांगता येतं, आणि समुपदेशक त्याचाच उपयोग करतो. चिंताळू माणसाला पहिल्या पंधरवड्यात वरचेवर फोन करावा लागतो. त्याला औषध लवकर बंद करू द्यायचं नाही, आणि मुळातच चिंता-नैराश्याचा आजार असेल तर त्यावरही उपचार करायचे. घोळक्यात रमणाऱ्याला टपरी सोडायला सांगून भागत नाही, त्याला संध्याकाळी सहा वाजता उभं राहायला दुसरी जागा द्यावी लागते. उतावळ्या माणसाला ‘आयुष्यभर नाही’ हे झेपत नाही, ‘जेवणानंतरची ही एक नाही’ एवढं झेपतं.

शिस्तीच्या माणसाचं काय? त्याचं सोपं असेल असं वाटतं, पण तसं नेहमी होत नाही. तो तारीख ठरवतो, वहीत लिहितो, सगळ्यांना सांगतो. मग विसाव्या दिवशी एखाद्या लग्नात एक ओढली जाते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लॅट यांनी १९८० च्या दशकात यावर बरंच लिहून ठेवलंय. एका घसरणीपेक्षा त्या घसरणीनंतर मनात उठणारं ‘गेलं सगळं’ हेच माणसाला परत खाली नेतं. चुकून शेंगदाण्याऐवजी फरसाणाचा घास गेला म्हणून उपास मोडलाच समजून पोटभर जेवून घ्यावं, तसं हे. माझ्या मते नेटक्या माणसाला हा फटका जास्त बसतो, कारण त्याचा हिशोब बिघडलेला असतो.

आणि बेत आखण्याचंही फार कौतुक नको. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधल्या एका पाहणीत जवळपास निम्म्या लोकांनी शेवटच्या वेळी सोडली ती कुठलाही बेत न आखता, एकदम. असं अचानक सोडणं निदान सहा महिने टिकण्याचं प्रमाण ठरवून सोडण्यापेक्षा जास्त निघालं. सतत ‘एक तारखेपासून’ म्हणणाऱ्यांना ही बातमी आवडणार नाही.

परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात २००२ पासून तंबाखूमुक्तीचा दवाखाना आहे. त्या वर्षी जागतिक आरोग्य संघटना आणि केंद्र सरकार यांनी देशात असे तेरा सुरू केले, त्यांपैकी एक. टाटाच्याच डॉक्टरांनी ग्रामीण महाराष्ट्रातल्या एका केमिकल कारखान्यात केलेलं काम २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. १०४ कामगार, त्यांतले ४८ टक्के तंबाखूवाले. व्याख्यानं झाली, गटात चर्चा झाल्या, गरज पडली तिथे औषधं दिली, कुटुंबीयांनाही बोलावलं. प्रत्येक फेरीला सोडणाऱ्यांचं प्रमाण वाढत गेलं आणि वर्षअखेर ४० टक्क्यांवर पोचलं. ‘सोडली’ म्हणणाऱ्यांवर नुसता विश्वास ठेवला नाही, लघवीतलं कोटिनिन, म्हणजे शरीरात निकोटिनपासून बनणारं द्रव्य, तपासलं. ९६ टक्के वेळा तोंडचा जबाब आणि तपासणी जुळली. त्या कामगारांचा स्वभाव कुणी मोजला नव्हता. डॉक्टर पुन्हा पुन्हा येत राहिले, एवढंच.

शिवाय स्वभाव काही दगडात कोरलेला नसतो. अमेरिकेतल्या मिसुरी विद्यापीठाने काही तरुणांचा १८ ते ३५ या वयात पाठपुरावा केला. ज्यांनी या काळात सिगारेट सोडली, त्यांचा उतावळेपणा आणि चिंताळूपणा ओढत राहिलेल्यांपेक्षा जास्त कमी झालेला दिसला. स्वभाव निवळला म्हणून सुटली की सुटली म्हणून निवळला, हे अशा अभ्यासातून सिद्ध होत नाही. पण ‘तो आहेच तसा’ म्हणणाऱ्यांनी निदान दहा वर्षं थांबून मग बोलावं.

मदत आहे, फुकट आहे, मराठीतही आहे, तरी लोक तिच्यापर्यंत पोचत का नाहीत? गॅट्समध्ये सोडायचा प्रयत्न केलेल्या धूम्रपान करणाऱ्यांपैकी सुमारे सत्तर टक्क्यांनी कुठलीच मदत घेतली नव्हती. २०१६ मध्ये राष्ट्रीय तंबाखू क्विटलाइन सुरू झाली, पुढे टाटा मेमोरियलमधूनही तिचे फोन घेतले जाऊ लागले, आणि १ सप्टेंबर २०१८ पासून तिचा नंबर प्रत्येक पाकिटावर छापणं सक्तीचं झालं. पण मुंबईत पाकीट विकत घेतो कोण? ‘एक सुट्टी दे’ म्हणून हात पुढे होतो. राज्य सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्ट्या बिडी-सिगारेटच्या विक्रीवर बंदी घातली, तरी टपरीवर सुट्टी मिळतेच. पाकीट, त्यावरचं भेसूर चित्र आणि तो नंबर टपरीवाल्याकडेच राहतो, गिऱ्हाइकाच्या हातात येते ती नुसती कांडी. नंबर १८००-११-२३५६ असा आहे. फोनला पैसे पडत नाहीत.